मीटर मागे घेणे (जुन्या मोटारींचा बाजार, मुंबई)

वापरलेली मोटार विकायला काढण्यापूर्वी तिच्या ओडोमीटरवरचा किलोमीटरचा आकडा कमी करून ठेवण्याच्या फसव्या रीतीला ‘मीटर मागे घेणे’ किंवा ‘मीटर मागे करणे’ म्हणतात. टॅक्सी-रिक्षाच्या भाडेमीटरशी तिचा संबंध नाही. तिथे मीटर पुढे पळवून प्रवाशाला फसवतात, इथे ते मागे ओढून गिऱ्हाइकाला. मुंबईत जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस मॉडेल कुठल्या सालचे आणि मालक कितवा एवढे विचारून झाले की तिसरा प्रश्न हमखास करतो : ‘रनिंग किती?’ ऐंशी हजार चाललेल्या गाडीचा आकडा पस्तीस हजार दिसला की तिची किंमत वाढते, त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती लवकर खपते. या प्रश्नाच्या उत्तरावर इतके अवलंबून असते, म्हणूनच ते उत्तर बनवले जाते.

ही लबाडी सगळ्या शहरांत चालते, पण मुंबईत ती पचण्याला एक खास कारण आहे. इथे कमी रनिंग खरेही असू शकते. बोरिवली किंवा मुलुंडहून फोर्टात नोकरीला जाणारा माणूस वर्षानुवर्षे लोकलने जातो. गाडी सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभी राहते आणि रविवारी, लग्नकार्याला, नाहीतर गणपतीत कोकणात जायला बाहेर निघते. अशा गाडीचे सात वर्षांत तीस हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत. तशी गाडी मिळणे हे नशीबच, आणि गिऱ्हाईक त्याच नशिबाच्या शोधात असते. ‘एकाच हातची, घरात उभी असायची’ हे वाक्य इथे खोटे म्हणून झटकून टाकता येत नाही, ही खरी अडचण आहे.

जुन्या यांत्रिक मीटरमध्ये गिअरबॉक्सपासून निघालेली केबल आकड्यांच्या चकत्या फिरवी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळातल्या अनेक गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य, त्यामुळे गाडी लाखाच्या अलीकडे आहे की पलीकडे हे मीटर सांगूच शकत नसे. मागे घ्यायचे तर मीटर खोलून चकत्या हाताने फिरवत, किंवा केबल सोडवून गाडी तशीच चालवत. अशा मीटरचे आकडे पुष्कळदा एका रेषेत बसत नाहीत. एखादा किंचित वर, एखादा खाली. जुने मेकॅनिक आधी तेच पाहत. पुढे डिजिटल मीटर आले तेव्हा ही खोड मोडेल असे वाटले होते. झाले उलटेच. आकडा मीटरच्या पाटीवरच्या स्मृतिचिपमध्ये साठतो आणि संगणकाला जोडलेल्या उपकरणाने तो बदलता येतो. मागे काही वाकडे दिसत नाही. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांत तोच आकडा इतर नियंत्रक यंत्रणांतही नोंदलेला असतो, आणि स्कॅनर लावला की तफावत पकडली जाऊ शकते.

पकडण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कागद. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गाडीच्या क्रमांकावर दर भेटीची नोंद असते. मालकाकडून ती मागवून घ्यावी, विक्रेत्याने दाखवलेल्या छापील प्रतीवर विसंबू नये. मग गाडी बोलते. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे ते कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनले हे सांगतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. २०१६ सालच्या गाडीचे मीटर वीस हजार दाखवते आणि चारही टायर २०२१ चे आहेत, तर कारण विचारलेच पाहिजे. क्लचच्या पेडलचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, ड्रायव्हरच्या सीटची दबलेली कड, मधोमध घासलेली गिअरची मूठ हे सगळे आकड्याशी जुळायला हवे. पेडलची रबरे नवीकोरी असतील तर संशय आणखी वाढावा. भाड्याने धावलेली गाडी नंतर खासगी करून विकली जाते, तेव्हा पिवळी पाटी जाऊन पांढरी येते, पण आरटीओची नोंद राहते. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, पासिंग कुठलेही असो, गाडीचा पूर्वेतिहास तिथे विचारावा.

तरीही मुंबईत या आकड्याला जितके वजन दिले जाते तितके त्याच्या अंगी नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. द्रुतगती मार्गाच्या कोंडीत गाडी तासाला आठ-दहा किलोमीटर सरकते. इंजिन चालू, क्लच अर्धा दाबलेला, मीटर जवळपास थांबलेले. अशी तीस हजार चाललेली गाडी महामार्गावर ऐंशी हजार धावलेल्या गाडीपेक्षा थकलेली असू शकते. उभ्या गाडीलाही समुद्राची खारी हवा सोडत नाही. दारांच्या खालच्या कडा आणि तळाचा पत्रा आतून गंजतो. पाण्यात बुडालेल्या गाडीचे दुखणे तर कुठलेच मीटर दाखवत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरात असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून मुंबईचा जाणता मेकॅनिक गालिचा उचलून खाली गाळ आणि गंज पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

या फसवणुकीचा सर्वांत मोठा फटका प्रामाणिक विक्रेत्याला बसतो. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने हे मांडले. खरी स्थिती फक्त विकणाऱ्याला ठाऊक असली की घेणारा प्रत्येक गाडीला संशयाचा भाव देतो, आणि चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला ती बाजारात आणतच नाही. अकेरलॉफ यांना २००१ साली नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. शेजारी शेजारी दोन विक्रेते असतील आणि एकाने आकडे मागे घेतले, तर दुसऱ्याची खरी साठ हजारांची गाडी उगाचच जुनी दिसू लागते. त्यानेही तोच मार्ग धरला नाही तर त्याचा धंदा बसतो. चुरशीने लबाडी वाढते ती अशी.

अमेरिकेत १९७२ च्या केंद्रीय कायद्याने मीटर मागे घेणे बेकायदा ठरले. बेल्जियममध्ये २००६ पासून विक्रीच्या वेळी नोंदवलेल्या किलोमीटरचा दाखला द्यावा लागतो. भारतात मीटरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. फसवणुकीचे सर्वसाधारण कलम आणि, विक्रेता व्यापारी असेल तर, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा यांचा आधार घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याला त्याच्या ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची आणि किलोमीटरची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. पण त्याच्याकडे येण्यापूर्वी आकडा बदललेला असेल तर ही वही काय करणार? मालकी बदलाच्या २९ क्रमांकाच्या फॉर्मवर चॅसी आणि इंजिन क्रमांक लिहावे लागतात, किलोमीटरसाठी रकाना नाही. तो घालावा आणि पीयूसी काढताना दर वर्षी आकडा नोंदवावा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. तोवर इसाराच्या पावतीवर त्या दिवशीचे रीडिंग अक्षरी लिहून, ‘मीटर बदललेले किंवा मागे घेतलेले नाही’ अशी ओळ घालून खाली विक्रेत्याची सही घ्यावी.