फ्री लंचचा आकडा म्हणजे गरिबीचा आकडा नव्हे, बास झालं आता

अमेरिकेत घर बघायला निघालेली आपली मंडळी आधी शाळेचे आकडे उघडतात, आणि 'फ्री अँड रिड्यूस्ड लंच ७२ टक्के' (म्हणजे शाळेत फुकट किंवा सवलतीत जेवण मिळणारी मुलं) दिसलं की लगेच निकाल, "नको रे बाबा, पाऊण शाळा गरीब आहे." ऐकून ऐकून कान किटले.

गरिबीची रेघ म्हणजे घरात माणसं किती त्यानुसार सरकारने ठरवलेला वर्षाच्या उत्पन्नाचा आकडा, त्याखाली असलेलं घर गरीब. लंचची रेघ मुळातच तिच्या वर आहे. रेघेच्या १३० टक्क्यांपर्यंत जेवण फुकट, १८५ पर्यंत सवलतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४० सेंट. २०२५-२६ चं बघा, तिघांच्या घराला गरिबीची रेघ २६,६५० डॉलर. नवरा पीएचडी करतोय, स्टायपेंड ३५ हजार, बायको एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) घरी, पोरगं पहिलीत. सवलतीची मर्यादा ४९,३०३, म्हणजे पोरगं सवलतीत बसतं. गरीब म्हणणार त्यांना? हातावर पोट आहे म्हणा हवं तर, पण रेघेच्या बरेच वर आहेत.

हे तरी लोकांना पटतं. खरी गोची सीईपीची, म्हणजे कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजनची, आणि इथे भलेभले घसरतात. आधी घरी फॉर्म यायचा, आईबाप उत्पन्न लिहायचे, त्यावर ठरायचं. सीईपीच्या शाळेत फॉर्मच नाही. २०१४ पासून हे देशभर चालू आहे. स्नॅप (तेच ते फूड स्टॅम्प, कमी उत्पन्नाच्या घरांना किराण्यासाठी सरकारी मदत) वगैरेंच्या यादीत ज्यांची नावं आधीच आहेत, शिवाय फॉस्टर केअरमधली (सरकारने दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवलेली), बेघर वगैरे मुलं, एवढीच मोजायची, आणि ती पुरेशी निघाली तर अख्ख्या शाळेला फुकट जेवण देता येतं. पुरेशी म्हणजे आधी ४० टक्के, २०२३ पासून फक्त २५.

आता ५०० पोरांची शाळा घ्या, यादीत सापडली १३०. म्हणजे २६ टक्के. केंद्र सरकार त्याला १.६ ने गुणतं आणि ४१.६ टक्के जेवणांचे पैसे फुकटच्या दराने देतं. जेवतात मात्र सगळी ५०० फुकट. मग 'फ्री अँड रिड्यूस्ड लंच'च्या रकान्यात काय लिहायचं, २६, ४१.६ की १००? राज्याराज्यात पद्धत वेगळी आहे, काही ठिकाणी सरळ १०० लिहून मोकळे होतात. म्हणजे शाळा तीच, पोरं तीच, आणि गेल्या वर्षी ४५ होते ते यंदा १०० झाले की लोक म्हणतात "एरिया बिघडला". अरे, बिघडलं काही नाही, फॉर्म बंद झाला!

गंमत म्हणजे आपण स्वतः शालेय पोषण आहाराची खिचडी खाल्लेली माणसं. सरकारी नि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत सगळ्यांना मिळते, घरचं उत्पन्न कोणी विचारत नाही. ताटं मोजून तिथे गरीब किती ते कोणी काढलंय का कधी?

माझं विचाराल तर यादीवरून थेट सापडलेल्या मुलांचा आकडा बघा, त्याला डायरेक्ट सर्टिफिकेशन म्हणतात. तोही निर्दोष नाही, हक्क असून स्नॅपला अर्ज न करणारी घरं सुटतात, आणि काही राज्यं मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) धरतात, काही नाही, त्यामुळे दोन राज्यांची तुलना करू नका. पण शेजारशेजारच्या दोन शाळा ताडून बघायला पुरतो. आणि १०० टक्के दिसलं तर आधी विचारा, शाळा सीईपीत आहे का?