अभिनेत्रीचा पहिला पॉप सिंगल (ठाणे व नवी मुंबई)

पडद्यावर किंवा रंगभूमीवर आधीच ओळख मिळवलेल्या अभिनेत्रीने स्वतःच्या आवाजात गायलेले, कोणत्याही चित्रपटाचा वा मालिकेचा भाग नसलेले पहिले सुटे गाणे आणि त्याचा म्युझिक व्हिडिओ. गाणे एकच असले तरी मराठी मनोरंजनक्षेत्रात त्याला आजही सर्रास ‘अल्बम साँग’ म्हणतात. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या पट्ट्यात मालिकांचे सेट आहेत. खाडीपलीकडे नवी मुंबईत कोळीवाडे, जेट्ट्या, पाम बीच रस्ता आणि आखीव नोड, म्हणजे नियोजनबद्ध वसाहती, एकमेकांना लागून आहेत. मालिकेतली नटी, तिचा प्रेक्षक आणि चित्रीकरणाच्या जागा एवढ्या जवळ असल्यामुळे हा प्रकार या दोन शहरांत चांगलाच रुळला आहे.

या गाण्यात चेहरा ओळखीचा असतो आणि आवाज नवखा. पहिल्यांदा लोक गाणे लावतात ते चेहऱ्यासाठी. पुन्हा लावले तर आवाजासाठी. निर्मितीचा बहुतेक खर्च मात्र व्हिडिओवर होतो, आणि या प्रकारातली बरीच गाणी आठवडाभरात विसरली जातात त्याचे मोठे कारण हेच आहे.

पूर्वपीठिका

गाणारी नटी मराठीला नवी नाही. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोटे स्वतः गायल्या. शांता आपटे आणि शांता हुबळीकर यांची ओळख अभिनयाइतकीच गळ्यानेही झाली. १९३५पासून पार्श्वगायन रुळू लागले आणि चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा अशी वाटणी झाली. संगीत रंगभूमीने ही वाटणी कधी मानली नाही. ज्योत्स्ना भोळे, फैयाज, कीर्ती शिलेदार यांनी भूमिका आणि पदे एकाच गळ्यातून उभी केली. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाट्यसंगीत ऐकत आलेला श्रोता आजही नटीचे गाणे ऐकताना आधी सूर पाहतो. नव्या गाण्याला हा श्रोता अवघड जातो, पण त्याच्या पसंतीला उतरलेले गाणे टिकते.

पॉपची वाट वेगळी आहे. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाले आणि गाणे ‘पाहण्याची’ सवय लागली. भारतात ती उपग्रह वाहिन्यांबरोबर १९९०च्या दशकात आली. १९९५मध्ये अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’चा व्हिडिओ गाजला, तेव्हा मिलिंद सोमण हे मराठी नाव घराघरात पोहोचले, गाण्यात त्याचा आवाज कुठेच नव्हता. अभिनेत्री सुचित्रा कृष्णमूर्ती हिचे पॉप अल्बम याच दशकातले. २०१२मध्ये प्रियांका चोप्राने अमेरिकी रॅपर विल.आय.अॅमसोबतच्या ‘इन माय सिटी’ने इंग्रजी पॉपमध्ये पाऊल टाकले आणि हे गाणे अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणाशी जोडले गेले. मराठी श्रोत्याला तिचा आवाज जवळचा वाटला तो मात्र २०१६च्या ‘व्हेंटिलेटर’मधल्या ‘बाबा’ गाण्यामुळे. माधुरी दीक्षितचा ‘कँडल’ हा पहिला सिंगल मे २०२०मध्ये, टाळेबंदीच्या काळात आला, तोही इंग्रजीत. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. केतकी माटेगावकर आणि आर्या आंबेकर आधी गायिका म्हणून परिचित झाल्या आणि नंतर पडद्यावर आल्या. अशा मुलींच्या सिंगलकडे कोणी शंकेने पाहत नाही. जिची ओळख फक्त अभिनयाने झाली, तिला ही शंका पहिल्या ओळीपासून पुसावी लागते.

आवाज

मालिकेत वर्षानुवर्षे काम केलेल्या नटीचा बोलण्याचा आवाज एका ठरावीक पट्टीत बसलेला असतो. संगीतकार जाणता असेल तर तो चाल बांधण्याआधी तिला नुसते बोलायला लावतो, वाचायला देतो, एखादी ओवी किंवा आरती म्हणायला सांगतो आणि मग पट्टी ठरवतो. काळी चारमध्ये (पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) सहज बसणाऱ्या गळ्याला ‘गाणे चढले पाहिजे’ म्हणून वर ताणले की अंतऱ्यात आवाज चिरकतो. मग ते झाकायला यंत्र लागते. सूर दुरुस्त करणारे ऑटोट्यून १९९७मध्ये बाजारात आले आणि आज घरगुती स्टुडिओतही असते. थोडी दुरुस्ती सगळेच करतात, त्यात कमीपणा नाही. पण प्रत्येक स्वर घासूनपुसून सरळ केला की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणे, जाते, श्वास जातो, ‘ळ’ आणि ‘ण’चे मराठी वजनही जाते. मग नटीचा आवाज आणि बाजारातला कोणताही आवाज यांत फरक उरत नाही.

ध्वनिमुद्रण बहुधा ओळीओळीने होते. आधी डमी, म्हणजे नमुन्यापुरती गाणाऱ्या गायिकेच्या आवाजात ट्रॅक तयार असतो. नटी तो हेडफोनवर ऐकत एकेक ओळ पंच करते, म्हणजे तेवढाच तुकडा गाऊन ध्वनिमुद्रित करते, आणि नंतर चांगले तुकडे जोडले जातात. तिची खरी पुंजी इथेच कामी येते. शब्दांचा अर्थ, ठहराव, एखादा शब्द किंचित उशिरा सोडणे हे ती रोज संवादांत करत असते. चांगल्या निर्मात्यांनी हे ओळखून गाण्यात बोलण्याच्या जवळ जाणारा मुखडा ठेवला, तर प्रशिक्षित गायिकेला न जमणारी गोष्ट ती करून जाते. त्यामुळे डमीची नक्कल करून घेण्यात गाण्याचे नुकसानच आहे.

व्हिडिओ

चित्रीकरणात गाणे स्पीकरवर वाजत असते आणि नटी त्यावर ओठ हलवते. संथ हालचाल हवी असेल तर गाणे दुप्पट वेगाने वाजवतात आणि कॅमेरा सेकंदाला ५० चौकटी टिपतो. संकलनात ते २५च्या वेगाने चालवले की केस, पदर, पाणी सावकाश हलते आणि ओठ मात्र मूळ गाण्याशी बरोबर जुळतात. दुप्पट वेगातला आवाज चिमण्यांच्या किलबिलाटासारखा येतो, शब्द कळत नाहीत. म्हणून नटीला गाणे तोंडपाठ लागते. जिने स्वतः गायले आहे तिला यात अडचण येत नाही, कारण श्वास कुठे घ्यायचा हे तिच्या अंगात मुरलेले असते. कॅमेरा जवळ आला की गळ्याची शीर आणि हनुवटी खरे सांगतात. लिपसिंक ओठांचे असते, गाणे मानेपर्यंत दिसते.

ठाण्यात उपवन, मासुंदा तलाव म्हणजे तलावपाळी, येऊरचा पायथा ही नेहमीची ठिकाणे आहेत. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते, त्यामुळे आत चित्रीकरणाला वनखात्याची परवानगी लागते. नवी मुंबईत पाम बीच रस्ता, वाशीचे सागर विहार आणि चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात रचलेले बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज कॅमेऱ्याला भावतात. आर्टिस्ट व्हिलेजमधली अंगणाभोवतीची बैठी घरे उंच इमारतींच्या नवी मुंबईपेक्षा अगदी निराळी दिसतात.

खाडीकाठी वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. दिवाळे किंवा बेलापूरच्या जेट्टीवर सकाळी भरल्या पाण्यात लाँग शॉट घेतला आणि क्लोजअप जेवणानंतर ठेवला, तर मागे पाण्याऐवजी चिखल आणि कलंडलेल्या होड्या दिसतात. ते संकलनात लपत नाही. म्हणून जाणते लोक पंचांग बघून कॉलटाइम, म्हणजे सेटवर हजर राहायची वेळ, देतात आणि कोळ्यांना विचारल्याशिवाय तो पक्का करत नाहीत. कांदळवनात उतरून तुडवातुडव करणे कायद्याने गुन्हा ठरू शकते, हेही युनिटला आधीच सांगावे लागते.

ड्रोनचा शॉट आता सहज मिळत नाही. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या आसपासच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात ड्रोन उडवायला आधी परवानगी घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि बेलापूर, नेरूळचा भाग विमानतळाजवळचा ठरला.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे माणसे. आगरी-कोळी ठेक्याचे गाणे असेल तर नटीला कोळी पद्धतीचे लुगडे नेसवतात, डोक्यावर गजरे माळतात आणि मागे भाड्याने आणलेल्या नर्तिका उभ्या करतात. सारसोळे, करावे, दिवाळे इथल्या बायकांना काष्टा चुकलेला एका नजरेत कळतो. त्यांनाच नाचायला बोलावले, नेसवायचे काम त्यांच्याकडे दिले आणि त्याचे रीतसर मानधन दिले, तर व्हिडिओला जो जिवंतपणा येतो तो कोणत्याही नृत्यदिग्दर्शकाला बसवता येणार नाही. गाव पाठीशी राहते, हा फायदा वेगळाच.

प्रसार

२०१६मध्ये जिओ आल्यावर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ टीव्हीवरून हातात आला. या कंपनीचे मोठे संकुल घणसोलीतच आहे. जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. तेव्हापासून पंधरा-वीस सेकंदांची हुक लाइन आणि हुक स्टेप, म्हणजे चटकन लक्षात राहणारी ओळ आणि नाचाची लकब, आधी ठरते, अंतरा त्यानंतर. दुसरा अंतरा तर कित्येकदा गाळलाच जातो, आणि कवीने जीव ओतलेली ओळ बहुधा तिथेच असते.

ठाण्यात गाण्याची खरी परीक्षा रस्त्यावर होते. दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीवर तरुणाईची गर्दी उसळते, दहीहंडीला मोठमोठ्या मंचांवर मालिकांतल्या नट्या येतात. तिथे नटी सुपारी, म्हणजे ठरलेली बिदागी, घेऊन येते आणि बहुतेक वेळा ट्रॅकवर ओठ हलवून, दोन स्टेप करून जाते. एखादीने माइक हातात घेऊन चार ओळी खरोखर गायल्या, सूर थोडा हलला तरी, की गर्दी लगेच साथ देते. नवी मुंबईच्या गावांत आगरी हळदीला डीजे ज्या गाण्याची फर्माईश पुन्हा पुन्हा घेतो, ते गाणे व्ह्यूजच्या आकड्यांशिवायही चालले असे मानायला हरकत नाही. हळदीत नाचणाऱ्याला नटी दिसत नसते. त्याच्यापर्यंत फक्त ठेका आणि आवाज पोहोचतो.

हक्क

पहिल्या सिंगलच्या वेळी नटी बहुधा अभिनयाच्या कराराच्या सवयीने सही करते : एक रकमी मानधन, विषय संपला. गाण्याचे तसे नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणातही गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क आहे आणि तो हक्क ते निर्मात्याच्या नावे सोडून देऊ शकत नाहीत. सादरकर्ती म्हणून गायिकेलाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टी मागता येते, आणि गायकांच्या वतीने ती गोळा करण्यासाठी इंडियन सिंगर्स अँड म्युझिशियन्स राइट्स असोसिएशन (पूर्वीची इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन) ही संस्था आहे. स्वतःच्या आवाजात गायलेली नटी गायिका ठरते, म्हणून तिचा करार गायिकेचा असावा लागतो : व्हिडिओतल्या अभिनयाचे मानधन वेगळे आणि आवाजाचे हक्क वेगळे, दोन्ही स्पष्ट लिहिलेले. ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो.