पटकथेआधीची पानं: ट्रीटमेंट कुठून आली?

चित्रपटाची किंवा मालिकेची कल्पना विकायला गेलं की बहुतेक ठिकाणी आधी ट्रीटमेंट मागतात. म्हणजे सगळी गोष्ट वर्तमानकाळात, सलग गद्यात, पडद्यावर जशी उलगडेल त्याच क्रमाने सांगणारी काही पानं. संवाद अगदी मोजके, कॅमेऱ्याच्या सूचना नाहीत. हे संकेत बरेचसे हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या सोयीतून रुजले, आणि या पानांना जी किंमत आली ती बऱ्याच अंशी कोर्टामुळे.

मूकपटांच्या सुरुवातीच्या काळात गोष्टीचे पैसे द्यायचे असतात, हेच अनेक निर्मात्यांच्या गावी नव्हतं. 1907 साली कॅलेम कंपनीने ल्यू वॉलेस यांच्या 'बेन-हर' या कादंबरीवर परवानगी न घेता छोटा मूकपट काढला. प्रकाशक हार्पर ब्रदर्सने दावा लावला आणि 1911 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलेमच्या विरोधात निकाल दिला. गाजलेली पुस्तकं फुकट उचलणं धोक्याचं झालं, तशी नव्या गोष्टींची मागणी वाढली. हौशी लेखक टपालाने कथानकं धाडू लागले. अनिता लूस यांनी अशीच पाठवलेली 'द न्यूयॉर्क हॅट' बायोग्राफ कंपनीने 25 डॉलरला घेतली आणि 1912 साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी ती पडद्यावर आणली.

बोलपट आले आणि संवादांसह पूर्ण पटकथा लिहून घेणं खर्चिक झालं. 1930च्या दशकात स्टुडिओंच्या स्टोरी डिपार्टमेंटमध्ये पगारी वाचक कादंबऱ्या-नाटकं वाचून सारांश काढत. गोष्ट पसंत पडली की ट्रीटमेंट, ती मंजूर झाली तर पटकथा, असा साधारण क्रम असे. तेव्हा ट्रीटमेंट हा मुख्यतः स्टुडिओच्या अंतर्गत कामाचा कागद होता, पैसे ओतण्याआधी गोष्ट तग धरते का हे पाहण्यासाठीचा. तो वाचणारा माणूस छायालेखक नव्हता, निर्णय घेणारा होता. ट्रीटमेंटमध्ये तांत्रिक सूचना का नसतात, याचं उत्तर मला इथेच सापडतं.

काही लेखकांना मात्र हा टप्पा मनापासून हवा होता. 1948 साली निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांनी कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांच्याकडे, दुसऱ्या महायुद्धानंतर चार देशांच्या ताब्यातल्या व्हिएन्नावर चित्रपट मागितला. ग्रीन यांनी आधी अख्खी गोष्टच लिहिली. कथा लिहिल्याशिवाय पटकथा लिहिणं आपल्याला जवळजवळ अशक्य आहे, असं त्यांनी पुढे स्पष्ट सांगितलं. त्यातून 1949 चा 'द थर्ड मॅन' झाला.

बाहेरच्या माणसाने कल्पना विकायला नेणं किती नाजूक असतं, हे व्हिक्टर डेस्नी यांच्या खटल्यात दिसतं. 1925 मध्ये केंटकीतल्या गुहेत अडकून मेलेल्या फ्लॉइड कॉलिन्सची गोष्ट घेऊन त्यांनी नोव्हेंबर 1949 मध्ये दिग्दर्शक बिली वाइल्डर यांच्या कार्यालयात फोन केला. त्यांच्याकडे 65 पानं तयार होती. इतकं लांबलचक वाइल्डर वाचणार नाहीत, असं सेक्रेटरीने सांगितलं. डेस्नींनी गोष्ट तीनेक पानांत बसवली, दोन दिवसांनी पुन्हा फोन करून वाचून दाखवली आणि सेक्रेटरीने ती लघुलिपीत उतरवून घेतली. गोष्ट वापरली तर योग्य मोबदला द्यावा लागेल, असंही त्यांनी बजावलं. 1951 साली वाइल्डर यांचा 'एस इन द होल' आला, त्यातही गुहेत अडकलेल्या माणसाचीच गोष्ट होती. डेस्नी कोर्टात गेले. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये मान्यच केलं. पण मोबदल्याची अट माहीत असताना कल्पना स्वीकारली, तर पैसे देण्याचा करार न बोलताही होऊ शकतो, असंही ठरवलं. प्रकरण शेवटी तडजोडीने मिटलं.

टीव्हीची अडचण वेगळी होती. तिथे एक गोष्ट पुरत नाही, आठवड्यामागून आठवडे चालेल असा साचा दाखवावा लागतो. जीन रॉडनबेरी यांनी मार्च 1964 मध्ये 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या मालिकेसाठी लिहिलेली 16 पानं आजही वाचण्यासारखी आहेत. कॅप्टनचं नाव तिथे रॉबर्ट एप्रिल आहे. पात्रं आहेत, पुढच्या भागांच्या कथाकल्पना आहेत. शिवाय यान पृथ्वीसारख्याच ग्रहांवर जाईल, म्हणजे नेहमीचे सेट आणि कपडे चालतील, हेही आहे. खर्चाचा प्रश्न कुणी विचारण्याआधीच त्यांनी उत्तर दिलं होतं. तरी सीबीएस या अमेरिकी वाहिनीने नकार दिला. मालिका दुसऱ्या वाहिनीने, एनबीसीने घेतली.

चांगली ट्रीटमेंट आपोआप विकली जाते, असंही नाही. जॉर्ज लुकास यांची मे 1973 ची 'स्टार वॉर्स'ची ट्रीटमेंट नावांनी आणि ग्रहांनी इतकी गजबजलेली आहे की वाचताना दम लागतो. युनायटेड आर्टिस्ट्स आणि युनिव्हर्सल या दोन स्टुडिओंनी ती घेतली नाही. फॉक्सच्या अ‍ॅलन लॅड ज्युनियर यांनी विश्वास टाकला तो मुख्यतः लुकास यांच्यावर.

विनोदी लेखक आर्ट बुकवाल्ड यांच्या ट्रीटमेंटचे हक्क पॅरामाउंट स्टुडिओने 1983 मध्ये घेतले आणि पुढे प्रकल्प सोडून दिला. 1988 मध्ये त्याच स्टुडिओचा 'कमिंग टू अमेरिका' आला. ही आपलीच गोष्ट आहे म्हणून बुकवाल्ड कोर्टात गेले. तिथे दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या आणि 1990 मध्ये चित्रपट बुकवाल्ड यांच्या पानांवर आधारित असल्याचा निकाल लागला. चित्रपट तुफान चालला होता, तरी निव्वळ नफा नाही, म्हणून त्यातला वाटाही नाही, असा स्टुडिओचा हिशोब होता. 1992 मध्ये बुकवाल्ड यांना दीड लाख आणि त्यांचे भागीदार निर्माते अ‍ॅलेन बर्नहाइम यांना साडेसात लाख डॉलर देण्याचा आदेश झाला. एजंटाशिवाय ट्रीटमेंट पाठवणाऱ्याला आज अनेक कंपन्या वाचायच्या आधीच रिलीज फॉर्मवर सही करायला लावतात. मिळतीजुळती गोष्ट आमच्याकडे आधीपासून असू शकते, असं त्यात लिहून घेतलेलं असतं.