नागरी पोशाखावरील लष्करी पदके

माजी सैनिकाने निवृत्तीनंतर स्वतःची लष्करी पदके साध्या कपड्यांवर लावण्याची रीत. वर्दी उतरते, पदकाचा मान उतरत नाही. राज्यघटनेच्या कलम 18 ने पदव्या बंद केल्या, पण लष्करी सन्मान त्यातून वगळला.

भारतात ही पदके प्रामुख्याने 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, रेजिमेंटचा वर्धापनदिन, युद्धस्मारकावरील मानवंदना आणि 14 जानेवारीचा माजी सैनिक दिन (1953 साली याच दिवशी भूदलाचे पहिले भारतीय प्रमुख जनरल करिअप्पा निवृत्त झाले) अशा प्रसंगी लावतात. लग्नकार्यात किंवा प्रचाराच्या मंचावर ती शोभत नाहीत.

स्वतःची पदके छातीच्या डाव्या बाजूला, एका ओळीत. सर्वांत मानाचे पदक छातीच्या मध्याकडे, पुढची क्रमाने खांद्याकडे. 1971 ला पूर्व आघाडीवर लढलेल्या जवानाच्या छातीवर ‘पूर्वी स्टार’ हे त्या आघाडीचे पदक आधी दिसते, त्यानंतर संग्राम मेडल (1971 च्या युद्धकाळातील सेवेचे), स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्धापनदिनाचे पदक आणि शेवटी 9 वर्षांच्या सेवेचे. क्रम चुकला की जाणकाराच्या डोळ्यांत लगेच खुपतो. परमवीर चक्राची जांभळी फीत सगळ्यांच्या आधी येते. त्या चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची.

कपडा जाड हवा. बंदगळा किंवा ब्लेझर उत्तम. पातळ सदऱ्यावर चार-पाच पदकांचे वजन पडले की खिशाची शिवण खाली ओढली जाते आणि ओळ तिरपी होते. म्हणून खिशावर दोऱ्याचे बारीक फासे शिवून पदके ओवलेल्या पट्टीची पिन त्यात अडकवावी. विटलेली फीत बदलावी. पदक मात्र चकाकीसाठी घासत बसू नये: त्याच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेले असते, ते झिजते.

न मिळालेले पदक लावणे हा सैनिकाच्या इमानाला बट्टा. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी लष्करी चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार गुन्हाही आहे.

दिवंगत सैनिकाची पदके वारसांनी लावायची ती उजव्या बाजूला. स्मारकावर श्रद्धांजली वाहताना वीरपत्नीला आणि जवळच्या नातलगांना भूदलाने तशी मुभा दिली आहे. बाजूवरूनच कळते की मान कोणाचा. साडीचा पदर डाव्या खांद्यावर जातो, त्यामुळे पदके पिन करताना वीरपत्नीला उजवीकडची घडी आधी नीट बसवून घ्यावी लागते, आणि बहुधा लेक किंवा सून पुढे होऊन पट्टी सरळ करते.