कमरेवरून ओळखलेली प्रकृती

कोरियात पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८५ सेंटिमीटर झाला की डॉक्टर पोट सुटल्याची नोंद करतात. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या बिघाडांच्या गटाच्या, पाच खुणांपैकी ही एक. बाकीच्या चार म्हणजे रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढलेली असणं, आणि 'चांगलं' कोलेस्टेरॉल कमी असणं. पाचांतल्या तीन जुळल्या की निदान झालं. पण कमरेकडे बघून माणसाची प्रकृती सांगण्याची रीत तिथे या टेपच्या बरीच आधीची आहे, आणि ती एका लष्करी अधिकाऱ्याने घालून दिली.

यी जे-मा १८३७ साली हामहुंगला जन्मला. हे गाव आज उत्तर कोरियात आहे. तो औरस मुलगा नव्हता, आणि त्या काळच्या जोसॉन राजवटीत अशा मुलाला मोठ्या मुलकी पदांची दारं जवळजवळ बंदच असत. तो सैन्याकडे वळला, पुढे दक्षिणेत जिन्हे इथे काही काळ अंमलदारही होता. वैद्यकाकडे त्याला त्याच्या दुखण्याने ओढलं असावं. सहा-सात वर्षं तोंडाला फेस येऊन उलट्या होत राहिल्या, पुढे कित्येक दशकं जपून राहिलो म्हणून अकाली मरण टळलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. 'दोंगुई सुसे बोवोन' हा त्याचा ग्रंथ १८९४ मध्ये सेऊलमध्ये लिहून झाला. १९०० साली तो वारला तेव्हा त्यात दुरुस्त्या चालूच होत्या. शिष्यांनी वर्षभराने तो छापला.

ग्रंथाची सुरुवात औषधांनी होत नाही, नीतीच्या चर्चेने होते. दुःख, राग, हर्ष आणि सुख या चार भावनांचा तोल जन्मतःच प्रत्येकात वेगळा, त्यामुळे कुणाचा एक अवयव बलवान तर दुसरा दुबळा, अशी मांडणी. त्यातून चार प्रकृती निघतात: तेयांगिन, सोयांगिन, तेउमिन आणि सोउमिन. या विचाराचं नाव सासांग, म्हणजे चार रूपं.

आपल्याला इथे काम आहे ते तेउमिनशी. याचं यकृत मोठं, फुप्फुस लहान. हे यकृत शवविच्छेदनात सापडणारं नव्हे. साठवण्याचं काम यकृताकडे आणि बाहेर टाकण्याचं फुप्फुसाकडे, असा हिशेब आहे. म्हणजे तेउमिन घेतो फार, सोडतो कमी. कमरेचा भाग भरदार, मानेचा मागचा भाग दुबळा. घाम मोकळा सुटला की त्याची तब्येत ठणठणीत. तोच घाम सोउमिनला सुटला तर मोठं दुखणं समजायचं. दहा हजार वस्तीच्या गावात पाच हजार तेउमिन, तीन हजार सोयांगिन आणि दोन हजार सोउमिन निघतील, असा यी जे-माचा अंदाज होता. तेयांगिन मात्र तीन-चार, फार तर दहाएक. तो स्वतः या मूठभरांतला.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना 'म्हणजे कफ प्रकृतीच की' असं आलं असेल. साम्य आहे, पण ते फार ताणू नये. आपल्याकडे दोन दोषांची मिश्र प्रकृती सर्रास सांगतात. यी जे-माच्या चौकटीत माणूस एकाच घरात जन्मतो आणि तिथेच राहतो. पारंपरिक प्रकृतीला आधुनिक विज्ञानाच्या कसोटीवर घासून बघण्याची हौस मात्र दोन्हीकडे सारखी. पुण्यात २००५ च्या सुमारास प्रकृती आणि रोगप्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए जनुकांचा मेळ तपासला गेला होता.

जपानी अमलात, १९१३ च्या नियमांनी, कोरियन वैद्यांचा दर्जा खाली ढकलला गेला. दक्षिण कोरियात १९५१ च्या कायद्याने त्यांना पुन्हा मान्यता मिळाली. मग प्रश्न आला की प्रकृती ठरवायची कुणी? एकाच रोग्याला दोन वैद्य दोन प्रकृती सांगत. म्हणून आधी प्रश्नावल्या आल्या. पुढे, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संशोधन संस्थेने चेहऱ्याचा फोटो, अंगाची मापं, आवाज आणि उत्तरं एकत्र करून संगणकाकडून निकाल काढायला सुरुवात केली.

अशी छाननी हजारो लोकांवर झाली आणि तेउमिन गटात मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मेटाबॉलिक सिंड्रोम जास्त दिसले. मला यात नवल वाटत नाही. भरदार कमरेवरून ज्यांना निवडलं, त्यांचीच कमर पुन्हा मोजली तर आणखी काय निघणार? संशोधकांनाही हे कळतं, म्हणून ते वजन-उंचीचं गुणोत्तर हिशेबातून वजा करून बघतात. तसं केल्यावर संबंध फिका पडतो, तरी काही अभ्यासांत पूर्ण पुसला जात नाही. उरलेला भाग प्रकृतीचा की पोटातल्या चरबीचा, जी त्या गुणोत्तरात नीट पकडलीच जात नाही? माझा कल चरबीकडे आहे.

दवाखान्यांत मात्र हा वाद फारसा पोचत नाही. तेउमिनसाठी यी जे-माने दिलेला 'तेउम-जोवी-तांग' हा काढा आज कोरियात वजन उतरवायला देतात. त्यात चेस्टनट असतं, मुळ्याचं बी असतं आणि माह्वांगही असतं. माह्वांग म्हणजे एफेड्रा. त्याने भूक मरते, पण नाडी आणि रक्तदाब चढतो. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली ती यामुळेच. रक्तदाब ही त्या पाच खुणांपैकीच एक आहे.