कामाची उबदार विजार आणि घामाचा जुना प्रश्न

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिककडे द्राक्षांचा हंगाम भरात येतो. पॅकहाऊसच्या आवारात दुपारी पस्तीस अंशांचं ऊन असतं आणि प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल आधी गार करून घेण्याच्या खोलीत तापमान शून्याच्या आसपास. तिथं पेट्या रचणारी मुलं जीन्सच्या आत घरचा पायजमा, कधी जीन्सवर रेनकोटची पँट, असं हाताला लागेल ते चढवतात. अशाच एका खोलीत मी एकदा तीनेक तास त्यांच्याबरोबर काम केलं. आत असताना मांड्या गार पडल्या, ते अपेक्षितच होतं. पण बाहेर कंटेनर भरायला हात लावला आणि वीस मिनिटांत जीन्सचा कमरेचा पट्टा घामानं ओला झाला. परत आत गेल्यावर तोच पट्टा पाठीच्या कण्याला बर्फाच्या चकतीसारखा चिकटला. बरोबरचा मुलगा म्हणाला, "दादा, थंडी सोसते, हे ओलं नाही सोसत."

थंडीत कामाला कोणती पँट घ्यावी, या प्रश्नाचा सगळा गाभा त्याच्या या वाक्यात आहे. नुसतं बसून राहायचं तर रजई पुरते. विश्रांतीत माणसाचं शरीर साधारण शंभर वॅट उष्णता सोडतं, जड काम करताना चारशे किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे कामकऱ्याच्या विजारीनं ऊब धरायची, घामाची वाफ सोडायची आणि उकिडवं बसताना आसनात फाटायचंही नाही. या मागण्या वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळी पुऱ्या केल्या आणि त्यासाठी माणसाला काही हजार वर्षं लागली.

१९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर विजार नव्हती. बकरीच्या कातड्याच्या दोन सुट्या नळ्या पायांत, वर कातड्याचा लंगोट आणि मधली जागा मोकळी, असा तो पोशाख होता. दोन पाय एकत्र जोडलेली, आजवर सापडलेली सर्वांत जुनी विजार चीनच्या शिनजियांगमधल्या तुर्फान खोऱ्यात यांगहाय इथल्या कबरींतून निघाली. ती तीन हजार वर्षांहून जुनी आणि लोकरीची आहे. तिच्यासाठी कापड कापलेलंच नाही. दोन पायांचे दोन तुकडे आणि आसनाचा तिसरा, हे हवे त्या आकारात मागावरच विणून मग जोडले आहेत. आसनाचा तुकडा मधे रुंद ठेवला आहे, त्यामुळे घोड्यावर पाय फाकवून बसलं तरी शिवणीवर ताण येत नाही. २०२२ मध्ये तिच्या विणकामाचा बारकाईनं अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की अंगभर लवचीक ट्विल, म्हणजे तिरक्या रेघांची वीण आहे आणि गुडघ्यांपाशी वीण मुद्दाम घट्ट, जाड केली आहे. आज महागड्या वर्क पँटच्या जाहिरातीत आसनातली जादा कळी आणि दुहेरी गुडघा या दोन गोष्टी ठळक छापतात. त्या विणकराला दोन्ही ठाऊक होत्या. मला तर या सगळ्या इतिहासात याच विजारीचं सर्वांत जास्त अप्रूप वाटतं.

स्वारांबरोबर विजार पसरली. चीनमधल्या झाओ राज्याच्या वूलिंग राजानं इ.स.पू. ३०७ मध्ये आपल्या सैन्याला उत्तरेच्या भटक्यांचा पोशाख आणि घोड्यावरून तीर मारणं, दोन्ही स्वीकारायला लावलं. रोमनांनी विजारीला रानटी ठरवलं. उत्तरेच्या थंडीत त्यांचे शिपाई ती घालू लागले, तरी चौथ्या शतकाच्या अखेरीस रोम शहरात विजारीवर बंदी घालणारा कायदा निघालाच. आपल्याकडे मथुरेला कुशाण राजा कनिष्काचा डोकं नसलेला पुतळा आहे. त्याचे जाड बूट आणि लांब डगला पाहिला की मध्य आशियाची थंडी किती दूरवर चालत आली ते कळतं. शब्दही त्याच वाटेनं आले. पायजमा, सुरवार, तुमान, विजार हे सगळे फारसी-अरबीतून मराठीत रुळलेले. दख्खनच्या कुणब्याला शेतात धोतर, लंगोटी पुरत होती. पायांची ऊब हा त्याचा रोजचा प्रश्न नव्हता.

थंडी-पावसात रानात राहणाऱ्या आपल्या धनगरांनी मात्र लोकरीचं मर्म ओळखलं होतं. दख्खनी मेंढीची राठ लोकर, सणगरांनी विणलेली पट्टी आणि तिला चिंचोक्याची खळ, अशी घोंगडी तयार होते. खोळ करून डोक्यावर घेतली की पाऊस वरून ओघळतो आणि आत माणूस उबदार राहतो. तिकडे आइसलंड-नॉर्वेकडचे लोक लोकरीचं कापड कोमट पाण्यात तुडवून, मळून आटवत. धागे एकमेकांत गुंततात, भोकं बुजतात आणि कापड वाऱ्याला अडवतं. त्या कापडाला वाडमाल म्हणत आणि आइसलंडमध्ये ते चलनासारखं वापरलं जाई.

लोकर कामकऱ्याला का मानवते, याचं कारण तंतूतच आहे. तंतूचं बाहेरचं आवरण पाण्याचा थेंब झिडकारतं, पण आतला गाभा वाफ शोषतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा घेईपर्यंत हाताला ती ओली लागत नाही आणि ओलावा घेताना थोडी उष्णताही सोडते. तंतू कुरळा असल्यामुळे ओला झाला तरी पार चपटा होत नाही आणि मधली हवा टिकते. ऊब देते ती ही अडकलेली, स्थिर हवा. कापूस याच्या उलट. तो पाणी पितो, बसतो, आणि हवेच्या जागी पाणी भरतं. पाणी हवेच्या पंचवीसेकपट वेगानं उष्णता ओढून नेतं. माझ्या जीन्सच्या पट्ट्यानं हेच केलं.

आणि या कापसाच्या कहाणीत मुंबईचं नाव आहे. आज दाट वस्तीचं डोंगरी सतराव्या शतकात किल्ल्याजवळचं गाव होतं. तिथं विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड जहाजांच्या शिडांना आणि खलाशांच्या कपड्यांना वापरलं जाई. इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'डंगरी' झालं आणि पुढे कामगारांच्या पँटलाच जगभर डंगरीज म्हणू लागले. अमेरिकेत रेनोचा शिंपी जेकब डेव्हिस लाकूडतोड्यांच्या पँटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट मारायचा. त्यानं कापडाचा व्यापारी लिवाय स्ट्रॉससोबत २० मे १८७३ ला पेटंट घेतलं. कापड टिकाऊ झालं, काम करायला उत्तम झालं, पण थंडीचा आणि ओलाव्याचा प्रश्न जिथल्या तिथं राहिला. आजही कडाक्याच्या थंडीत लोक पहिली चूक करतात ती सुती जीन्सचीच.

घामाचं उत्तर सर्वांत आधी आणि सर्वांत नेमकं दिलं ते आर्क्टिकच्या लोकांनी. रेनडिअरच्या कातड्याचे दोन थर करायचे, आतल्याची केसाळ बाजू अंगाकडे आणि बाहेरच्याची बाहेर. रेनडिअरचे केस आतून पोकळ असल्यामुळे हवा केसांतही असते आणि केसांमधेही. ग्रीनलंडच्या वायव्येकडचे शिकारी पांढऱ्या अस्वलाच्या कातड्याची विजार घालत. पोशाख मुद्दाम सैल. काम वाढलं की गळ्यापाशी, कमरेपाशी मोकळं करून गरम हवा सोडायची, थांबलं की बंद करायचं. रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षं कॅनडाच्या उत्तरेला नेत्सिलिक या इनुइट लोकांच्या शेजारी राहिला आणि त्यांच्याकडून हे शिकला. १९११ मध्ये तो दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोहोचला त्यात या शिक्षणाचा वाटा मोठा होता. ती कातडी चावून मऊ करणाऱ्या, स्नायूंच्या धाग्यानं शिवणाऱ्या बायकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत याचं मला वाईट वाटतं. त्यांची शिवण उसवली असती तर शिकारी परत आला नसता.

कातडं सगळ्यांना कुठून मिळणार? १८९७ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे हजारो माणसं अलास्कामार्गे निघाली. कॅनडाच्या हद्दीत शिरायला वर्षभराची शिधासामग्री बरोबर लागे, तिचं वजन जवळजवळ टनभर. त्याच वर्षी सिअ‍ॅटलमध्ये सी. सी. फिल्सननं या लोकांसाठी कपडे आणि ब्लँकेटांचं दुकान थाटलं. मॅकिनॉ नावाचं घोंगडीसारखं दाट लोकरी कापड त्या काळात उत्तरेकडच्या कष्टकऱ्यांचं झालं. लाकूडतोडे लोकरीच्या जाड विजारी वापरत आणि ओल्या जंगलात त्यावर मेणकापडाची दुसरी. विजार पट्ट्यानं न आवळता खांद्यावरच्या गॅलिसनं अडकवत. त्यामुळे ओलं वजन खांद्यावर जातं आणि कंबर सैल राहून वाफ वर निघते. खालची दुमड मात्र ते कापूनच टाकत, कारण घोट्यापाशी लोंबणारी कड फांदीत अडकली तर माणूस पडणाऱ्या झाडाखालून वेळेत निसटू शकत नसे.

विसाव्या शतकात हा विषय सैन्यांच्या हाती गेला, आणि प्रत्येक सैन्यानं आधी माणसं गोठवली, मग विजार सुधारली. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या शरद ऋतूत, हिंदी पलटणी फ्रान्सच्या मार्सेल बंदरात उतरल्या त्या पातळ खाकी ड्रिलमध्ये. फ्लँडर्सच्या चिखलात थंडी आली आणि गरम कपडे मागून आले. पिंडऱ्यांना गुंडाळायची आपली लोकरी पट्टी तेव्हा इंग्रजांच्या सगळ्या सैन्यात होती. ती घट्ट बांधली आणि भिजली की रक्त अडे आणि पाय सडायला मदत होई.

१९४१ मध्ये जर्मन फौज हिवाळ्याआधी मोहीम आटपेल या हिशेबानं रशियात घुसली. मॉस्कोच्या वेशीवर उणे तीस अंशांत अडकली, तेव्हा जर्मनीत घरोघरी फरचे आणि लोकरीचे कपडे गोळा करावे लागले. समोरच्या लाल सैनिकाकडे कापूस भरून, उभे टाके घालून शिवलेला डगला आणि तशीच विजार होती. आपल्या गोधडीची जातकुळी. टाके अशासाठी की भरलेला कापूस घसरून खाली गोळा होऊ नये. स्वस्त, कुठल्याही कारखान्यात शिवता येईल अशी, आणि रशियाची थंडी कोरडी असल्यामुळे कापूस असूनही चालून जाणारी. ओल्या थंडीत ती तितकी टिकली नसती.

त्याच वर्षी अमेरिकेत कपड्याची ऊब मोजायला 'क्लो' हे एकक ठरलं. एकवीस अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखाचा वाटेल असा सूट म्हणजे एक क्लो. अमेरिकी संशोधक पॉल सायपलनं अंटार्क्टिकात पाण्याचं नळकांडं किती वेळात गोठतं ते पाहून वाऱ्यानं थंडी किती वाढते याचा हिशेब मांडला. यातून थरांची पद्धत पक्की झाली. एकच जाड विजार घालण्याऐवजी आत पातळ, मधे उबदार, बाहेर वारा अडवणारी. नॉर्वेत हेन्रिक ब्रुननं तर १९३३ मध्येच मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्यापासून बनियन केलं होतं. निम्म्याहून अधिक भोकंच. त्या भोकांत हवा थांबते आणि घाम अंगाला चिकटत नाही. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत अशी जाळीची बनियनं होती.

आपल्याला हे ज्ञान फार महाग पडलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये, चीनबरोबरच्या युद्धात, ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठी, चार हजार मीटरच्या आसपास, आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत लढले. अनेकांना गोळीआधी थंडीनं गाठलं. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला' हे तेव्हाचंच. गावोगावी बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. स्वेटर विणता येतो, पण विजारीला कापड लागतं, गिरणी लागते, आगाऊ विचार लागतो. १९८४ च्या एप्रिलमध्ये सियाचिनवर गेलेल्या जवानांसाठीही खास कपडे युरोपातून आणावे लागले आणि पुढेही बराच काळ ते आयातच होत राहिले.

यानंतरचा भाग तुम्ही दुकानात पाहताच. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या माल्डन मिल्सनं पॉलिएस्टरचं फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ, केसाळ कापड काढलं. ते स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, हलकं असतं, पटकन वाळतं. वारा मात्र आरपार जाऊ देतं, म्हणून त्यावर बाहेरचा थर लागतोच. एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. वेल्डिंग, ग्राइंडिंग, भट्टी असं ठिणगीचं काम असेल तर फ्लीसचं अस्तर नको. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. तिथं लोकर घ्या, ती सहजी पेट घेत नाही.

शीतगृहांसाठी आता वेगळ्या विजारी मिळतात. टाके घातलेलं पॉलिएस्टरचं भरण, छातीपर्यंत पुढा, खांद्यावर गॅलिस, आणि बाहेरच्या बाजूनं कमरेपासून घोट्यापर्यंत पूर्ण उघडणारी चेन. मागच्या हंगामात त्याच पॅकहाऊसमध्ये अशा चार विजारी आलेल्या पाहिल्या. माणसं अकरा, विजारी चार, त्यामुळे पाळ्या लावल्या होत्या. माझ्याशी बोललेला तो मुलगा आतून ट्रॉली ढकलत बाहेर आला, उन्हात थांबला, आणि पेटीला हात लावायच्या आधी वाकून त्यानं दोन्ही पायांच्या चेन सर्रकन वरपासून खालपर्यंत उघडल्या.