क्लाइडबँकचं मशीन, सांगलीचा मिस्त्री

जुनं शिलाई मशीन हाती आलं की आधी त्याचा नंबर वाचायचा. सिंगर असेल तर उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी तो ठोकलेला असतो आणि मशीन कुठे घडलं ते त्यावरून कळतं. १९०० च्या आधीच्या मशीनवर नुसते आकडे, त्यानंतर आकड्यांच्या पुढे इंग्रजी अक्षर. एफ किंवा वाय असेल तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. सातारा-सांगलीकडच्या माळ्यांवरून आणि बंद पडलेल्या टेलरिंगच्या दुकानांतून खाली उतरणारी सिंगर मशिनं बहुधा तिथलीच निघतात. ग्लासगोशेजारी ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) कृष्णाकाठी आलं कसं, हे सांगता येतं. ते इतकी वर्षं टिकलं कसं, याचं उत्तर इथल्या कारागिरांकडे आहे. जुनी मशिनं पुन्हा चालती करण्याचा जो छंद आज काही जणांना लागला आहे, तो याच कारागिरांच्या जिवावर उभा आहे.

शिवणयंत्राचा शोध एकट्या कुणाचा नाही. फ्रान्सच्या बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये पेटंट घेतलं. आपल्या पोटावर पाय येईल या धास्तीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रं फोडली. अमेरिकेत एलायस हाव याने १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट मिळवलं. सुईचं नेढं टोकाशी, आणि खालून दुसरा दोरा घेऊन जाणारं शटल. आजही घरगुती मशीन याच टाक्याने शिवतं. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ चं. त्याच्या यंत्रात सुई सरळ वरखाली जायची, कापड आडव्या पाटावर सरकायचं. पेटंटवरून कोर्टकज्जे झाले आणि १८५६ मध्ये चार मोठ्या पेटंटधारकांनी आपापली पेटंटं एकत्र करून तंटा मिटवला. त्याच सुमारास सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्याने विक्री सुरू केली. आपल्याकडच्या शिंप्याच्या दृष्टीने मला शोधापेक्षा हा हप्ता मोठा वाटतो. रोख पैसे मोजून मशीन घेणं त्याला कधीच झेपलं नसतं.

हिंदुस्थानात सिंगरचा जम बसवला तो मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यापाऱ्याने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनचा कारभार त्याच्याकडे होता. धोतर आणि लुगडं नेसणाऱ्या देशात शिवणयंत्र कोण घेणार, ही शंका तेव्हा रास्त होती. पण बंडी, अंगरखा, सदरा, चोळी आणि पुढे पोलकं, हे सगळं शिवावंच लागत होतं. आपल्या गावगाड्यात शिंपी अलुतेदारांत मोजला जाई. आठवडी बाजार असलेल्या गावी त्याला काम जास्त. हाताने फिरवायचं मशीन पेटीत घालून बैलगाडीवर चढवलं की बाजाराच्या गावी दिवसभर शिवण चालायचं. १८९० पर्यंत पुण्याहून साताऱ्याच्या कोरेगाव भागातून मिरजेकडे मीटर गेज रेल्वे धावू लागली होती, १९०७ मध्ये मिरज-सांगली फाटाही झाला. जड पेट्या उतरवायला रेल्वेची स्टेशनं मिळाली.

क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना १८८० च्या दशकात सुरू झाला. १९१३ या एका वर्षात तिथून १३ लाखांहून जास्त मशिनं बाहेर पडली. एवढ्या संख्येने माल काढायचा तर एका मशीनचा सुटा भाग त्याच जातीच्या दुसऱ्या मशीनला बसलाच पाहिजे. आज आपण एका मोडक्या मशीनचा स्क्रू काढून दुसऱ्याला लावू शकतो, ते या शिस्तीमुळे. एक खोच मात्र आहे. सिंगरच्या बऱ्याच स्क्रूंचे आटे कंपनीचे स्वतःचे, बाजारातल्या मापांत न बसणारे. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू दाबून बसवायला गेलं की भोकाचे आटे गेले म्हणून समजा.

यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद केला होता. १९२४ मध्ये एका तरुणाशी झालेल्या बोलण्यात त्यांनी सिंगरच्या यंत्राची गणना मोजक्या उपयुक्त शोधांत केली. ते बनवायला कारखाना लागेलच, तर तो सरकारी मालकीचा असावा, असंही ते म्हणाले. हे बोलणं 'यंग इंडिया'त छापलेलं आहे. खादीच्या काळातही मशीन घरात राहिलं, ते अंगात खादी घालणाऱ्यांच्या घरातही.

१९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने देशी मशीन काढलं, तेच उषा. स्वातंत्र्यानंतर लुधियानातही कारखान्यांची रांग उभी राहिली. या बहुतेकांनी सिंगरचा १५ नंबरचा नमुना उचलला. उभी गोल बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ), पुढेमागे झुलणारं शटल, सपाट मानेची सुई. माझं ठाम मत आहे की या एका नमुन्यामुळेच आपल्याकडचं दुरुस्तीचं काम जिवंत राहिलं. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या पेठेत आज जी बॉबिन, जी सुई आणि जी शटल मिळते, ती १५ नंबरच्या जुन्या सिंगरलाही बहुतेक वेळा चालते. होडीसारखं किंवा बंदुकीच्या गोळीसारखं लांबट शटल, आणि गोल बॉबिनऐवजी लांबुडकी नळी असलेल्या मशीनला ही सोय नाही. त्यातही २७-२८ नंबरची मशिनं निदान आजची सुई तरी घेतात. १२ नंबरची सुईच वेगळी, आणि ती दुर्मिळ.

आता मिस्त्रीकडे वळू. हा भाग फक्त ऊसहळदीचा नाही, लोखंडाचाही आहे. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथे लोखंडी नांगर झाले, मग पंप झाले. धनजीशा कूपरांनी सातारा रोड या रेल्वे स्टेशनच्या गावी कारखाना काढून नांगर आणि पुढे इंजिनं बनवली. (कर्मवीर भाऊराव पाटलांनी या दोन्ही कारखान्यांचे नांगर गावोगाव फिरून विकले आहेत.) या कारखान्यांत शिलाई मशीन बनलं नाही. बनली ती माणसं. बीड ओतणारे, लेथवर पार्ट काढणारे, कानस चालवणारे फिटर. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढे गावागावांत वर्कशॉप टाकली. बुश झिजला, दांडी वाकली, शटलचं टोक बोथट झालं की शिंप्याला मुंबई गाठावी लागत नसे.

मिरजेची परंपरा त्याहून जुनी. तिथली सतार-तंबोऱ्याची कला शिकलगार घराण्यांनी रुजवली, आणि शिकलगार म्हणजे मुळात हत्यारं घासूनपुसून दुरुस्त करणारे. शस्त्रांचं काम आटलं तेव्हा एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. एका कामात कमावलेला हात दुसऱ्या कामाला लावायची ही रीत या मातीत नवी नाही.

मशीन टिकलं त्याला घरातलंही कारण आहे. "आईने मशीन चालवून आम्हाला शिकवलं" हे वाक्य या दोन्ही जिल्ह्यांत कितीतरी घरांत ऐकू येतं. शिवणक्लास झाले, पुढे जिल्हा परिषदेच्या योजनांतून बायकांना मशिनं मिळाली. खंडेनवमीला हत्यारांच्या रांगेत मशीनही पुजलं जातं, हळदकुंकू आणि झेंडूसकट. असं मशीन भंगारात घालायला हात धजत नाही. ते माळ्यावर जातं.

तयार कपडे स्वस्त झाले, दुकानांत मोटारीची वेगवान मशिनं आली, आणि माळ्यावरची गर्दी वाढली. अलीकडे जुन्या मशीनचा खालचा बिडाचा स्टँड हॉटेलवाले घेतात, वर काच टाकून टेबल करतात. वरचं मशीन मग किलोवर जातं. हे बघून जीव तुटतो. चालू होऊ शकणारं मशीन पायासाठी मोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. घरं, दुकानं आणि त्यांतली मशिनं पाण्याखाली होती. २०२१ ला पुन्हा पूर आला. पुरातून निघालेलं मशीन चालू करायची रीत वेगळी असते. आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, कारण बेअरिंगमधला गाळ पॉलिश पेपरसारखा धातू खातो. मग लगेच पूर्ण सुकवायचं, रॉकेल सोडायचं आणि शेवटी मशीनचं पातळ तेल. काळ्या लेपाखालचं बीड सहसा वाचतं. गंज धरतो तो सुईच्या दांडीला, शटलच्या घराला, स्प्रिंगांना. लाकडी पाट मात्र फुगून थर सोडतो, तो बहुधा नवाच करावा लागतो.

पूर न बघितलेलं मशीन बहुतेक वेळा तेलाने जाम झालेलं असतं. घरात मशीनचं तेल संपलं की गोडेतेल घालायची सवय होती. ते काही वर्षांत चिकट होऊन लाखेसारखं घट्ट बसतं. अशा वेळी चाकाला हिसका देऊ नये. प्रत्येक सांध्यात रॉकेलचे थेंब सोडावेत, मशीन उन्हात ठेवावं, दुसऱ्या दिवशी चाक अलगद पुढेमागे हलवून बघावं. कधी आठवडा लागतो. सुटल्यावर रॉकेल पुसून तेल द्यायचंच, कारण रॉकेल वंगण नव्हे.

चाक फिरू लागलं तरी टाका पडेलच असं नाही. सुई खालून थोडी वर उठते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक त्या फासात शिरलं पाहिजे. सुई उलटी लावलेली असली, दांडी केसभर सरकलेली असली किंवा टोक झिजलेलं असलं की टाके सुटतात. जुने मिस्त्री हे चाक हळू फिरवून नुसत्या डोळ्यांनी जुळवतात. हे ज्ञान कुठल्याही पुस्तिकेतून पुरतं येत नाही. अजून दुकानात बसणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीशेजारी स्टूल घेऊन बसलं तरच येतं. छंद म्हणून या कामात शिरणाऱ्यांनी पहिलं वर्ष तिथे घालवावं.

रंगकामाबद्दल लोकांत दोन मतं आहेत. काही जण मशीन घासून नव्याने काळं करतात, सोनेरी नक्षीचे नवे छाप चिकटवतात. दिसतं देखणं. पण मूळ काळा लेप भट्टीत भाजून चढवलेला, त्यावर सोन्याची नक्षी आणि वर वार्निशचा पातळ हात. पुढच्या काठाला, जिथून कापड वर्षानुवर्षं सरकलं, तिथली नक्षी झिजलेली असते. ती झीज म्हणजे त्या मशीनने केलेलं काम, आणि ते पुसायचा हक्क आपल्याला नाही असं मला वाटतं. साफ करायला स्पिरिट मुळीच वापरू नये, वार्निश विरघळून नक्षी फडक्याबरोबर निघून येते. मशीनचंच तेल मऊ सुती कापडावर घेऊन पुसलं तर मळ सुटतो आणि खालचं सोनं जागेवर राहतं.

मशीन विकत घेताना रंग आणि नक्षी नंतर बघावी. आधी पाटावरची सरकती पट्टी उघडून शटल आणि बॉबिन आत आहेत का ते बघावं. १५ नंबर असेल तर हे पार्ट पेठेत मिळतील. लांबट शटलचं मशीन असेल आणि शटल हरवलेलं असेल, तर तसलंच शटल, बहुधा दुसऱ्या मोडक्या मशीनमधलं, मिळेपर्यंत ते चालणार नाही. लांबुडकी नळी लेथवर काढून घेता येते, शटल सहसा नाही.